मागे ठेवलेला हात

कोइंबतूर,
५ जानेवारी १९८७

प्रिय अक्का,

हे पत्र अप्पांच्या हाती पडू नये म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. मधल्या सुट्टीत वाच, आणि शिव्या घालायच्या त्या मनात घाल. चौथीची पोरं ऐकतील.

मी वीज मंडळाची नोकरी सोडली. आज नाही, कार्तिकातच. दोन महिने झाले. अप्पांना मी दर पत्रात लिहिते, 'ऑफिसात सगळं ठीक आहे.' तसं ते खोटं नाही. ऑफिसात ठीकच असणार, मी तिथे नाही इतकंच.

जुन्या सूतगिरणीच्या मागे पत्र्याची एक शेड घेतली आहे. सरोजा आणि पापात्ती अशा दोघी माझ्यासोबत आहेत. आधी गिरणीत होत्या, त्यामुळे कॉइलची तार केसाला तेल लावावं तितक्या हलक्या हाताने गुंडाळतात. आम्ही एक पेटी बनवतो. तुला आठवतं ना, तीनपैकी एका तारेची वीज गेली की आपली मोटर उरलेल्या दोन तारांवर कण्हत फिरत राहायची आणि तासाभरात जळायची? मग अम्मा आठ दिवस दोरीने पाणी ओढायची. माझी पेटी त्या तीन तारांवर लक्ष ठेवते. एक गेली की मोटर बंद करते. नाव ठेवलंय 'काप्पु'. मारियम्मन देवीच्या उत्सवात आपण मनगटाला हळदीचा दोरा बांधतो, तोच. तो माणसाला राखतो, ही मोटरला राखेल.

धारापुरमच्या एका शेतकरी संघाने बारा पेट्या बारा विहिरींवर लावून बघायला घेतल्या आहेत. मार्चअखेरपर्यंत बारापैकी एकही मोटर जळली नाही, तर संघ आपल्या सगळ्या सभासदांना ही पेटी घ्यायला सांगेल. एक जरी जळली तर बाराही परत येतील. मग शेडला कुलूप. आणि मंडळ मला पुन्हा खुर्ची देणार नाही.

त्या बारातल्या पाच आपल्याच आलांपाळैयममध्ये येताहेत. यादी संघाने केली, मी नाही. पेटीवर मी माझं नाव घातलेलं नाही. अप्पांसाठीच नाही घातलं. बत्तीस वर्षं ते खांबावर चढले, आणि खाली उभा असलेला प्रत्येक साहेब त्यांना 'ए नाचिमुत्तु' म्हणाला. मी असिस्टंट इंजिनिअर झाले तेव्हा नवी वेष्टी नेसून ते माझ्या ऑफिसात आले होते. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल बघत बसले. तो टॉवेल मी कसा परत दिला हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

मार्चपर्यंत गप्प राहा. पेट्यांवर नजर ठेव.

तुझी,
कोडी


आलांपाळैयम,
२४ जानेवारी १९८७

कोडी,

शिव्या मनात घातल्या, पण एक बाहेर पडलीच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'कनगम टीचर, पाल पडली का अंगावर?'

तुला डोकं आहे, पण सांगायचं धाडस नाही. लहानपणी बरणीतलं गोड कच्चायम खायचीस आणि झाकण माझ्या हातात देऊन पळायचीस. आताही झाकण माझ्याच हातात.

पोंगलला अप्पा चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होते, 'माझ्या लेकीने, अम्मिणीने सही केल्याशिवाय अर्ध्या जिल्ह्यात दिवा लागत नाही.' रंगसामी मामा म्हणाले, 'मग तिला सांगा, आमच्याकडे दुपारनंतर पण एक सही करायला.' सगळे हसले. अप्पा सगळ्यात जास्त. मी घरी येऊन तुझा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला. तो त्यांनी संध्याकाळी पुसून परत सरळ केला.

पेट्या आल्या. पाचही जणांनी हळदकुंकू लावून बसवल्या. अप्पा मामांच्या विहिरीवर जाऊन पंधरा मिनिटं पेटीसमोर उभे होते, डावा हात पाठीमागे घेऊन. पाहुण्याच्या घरचं जेवण बघायला गेल्यासारखे. म्हणाले, 'झाकणाला लाखेचं सील आहे. नाव नाही, गाव नाही. काप्पु म्हणे! पुजाऱ्याने बनवली की काय?'

पण लोक कुरकुरताहेत, कोडी. पेटी सारखी मोटर बंद करते. मामांचा कांदा वाळतोय, चेल्लम्माची हळद पिवळी पडलीय, काढायच्या आधीच. मामी काल म्हणाली, 'ही काप्पु नाही, ही माझी सासू आहे. जरा सुखानं काही चाललं की बंद कर म्हणते.' मला यातलं काही कळत नाही. पेटी बिघडलीय का?

कनगम


कोइंबतूर,
३ फेब्रुवारी १९८७

प्रिय अक्का,

'बिघडलीय का' हे तुझे दोन शब्द मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपते आहे.

शेडमधल्या सगळ्या पेट्या पुन्हा तपासल्या. तार काढली की थांबतात, जोडली की चालतात. पुन्हा तपासल्या. बाहेर स्कूटर थांबली की वाटतं संघाचा माणूस आला, हातात जळक्या मोटरचं पत्र घेऊन. पापात्तीने डबा उघडून समोर ठेवला तरी घास उतरत नाही. सरोजा म्हणते, 'तुमच्या पोटालाही एक काप्पु बसवा अम्मा, जेवण चुकलं की तुम्हाला बंद करेल.'

पेटी थांबवते हे तिचं कामच आहे. पण 'सारखी' म्हणजे कधी? माझ्यासाठी एक कर. पाची विहिरींवर पेटी केव्हा थांबते ती वेळ लिहून ठेव. अप्पांना विचारू नकोस. पोरांना सांग, गणिताचा अभ्यास म्हणून.

अप्पा डावा हात मागे घेऊन उभे होते असं लिहिलंस. मी अजून तसंच करते. तारेला हात लावायचा तो एकच, दुसरा पाठीमागे. म्हणजे झटका बसला तरी छातीतून आरपार जात नाही. कॉलेजात मला कुणी हे शिकवलं नाही. सरोजा-पापात्तीला मी शिकवलंय. आम्ही तिघी एक-एक हात मागे घेऊन काम करत असतो. कुणी आलं तर वाटेल, शिक्षा केलीय.

कोडी


आलांपाळैयम,
१६ फेब्रुवारी १९८७

कोडी,

जेव. आनंदाची बातमी आहे.

पोरांनी तीन-चार दिवस वेळा लिहिल्या. पाची ठिकाणी पेटी थांबायची ती दुपारी दोनच्या सुमारास, पुढे मागे पाच मिनिटं. पण ते जुनं झालं. गेल्या सोमवारपासून एकही पेटी एकदाही थांबलेली नाही! पाणी संध्याकाळपर्यंत चालू. मामांचा कांदा सावरला. मामी म्हणते, 'सासू नांदायला लागली.'

आणि अप्पांना तर बघायला हवं होतंस. निवृत्तीनंतर ओसरीवर बसून कावळे मोजणारा माणूस, सकाळी बाजरीची आंबील पितो आणि कंबरेला स्क्रूड्रायव्हर खोचून निघतो. या विहिरीवरून त्या विहिरीवर. प्रत्येक घरी ताक. लोक म्हणतात, 'नाचिमुत्तु अण्णांच्या हाताला गुण आहे. कंपनीच्या पेटीला जमलं नाही ते त्यांनी केलं.' तीस वर्षं त्यांना लोकांनी फक्त वीज गेल्यावर बोलावलं, आता नुसतंच बोलावतात. चालतात कसे ताठ!

बघ, बापाने लेकीची पेटी दुरुस्त केली, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मला वर्गात एकटीला हसू येतं.

कनगम


कोइंबतूर,
२० फेब्रुवारी १९८७

अक्का,

हसू नकोस.

दुपारी दोननंतर गावाला तीन नाही, दोनच फेज येतात, म्हणजे दोनच तारांत वीज असते. वेळापत्रकच तसं आहे. म्हणून पेटी दोन वाजता थांबायची, आणि बरोबर थांबायची. आता ती थांबत नाही याचा अर्थ एकच. कुणीतरी सील फोडलंय, आत तार बांधून वीज पेटीला वळसा घालून नेली आहे, आणि तिसऱ्या फेजच्या जागी वीज साठवणारा कंडेन्सर लावलाय. मोटर फिरते, पण तापत तापत. तिला थांबवणारं आता कुणी नाही. पेटी भिंतीवर नुसती टांगलेली आहे, तोंड बांधून.

तो कुणीतरी कोण, हे तूच मला कळवलं आहेस.

मोटर जळेल. संघ म्हणेल पेटी लावली होती तरी जळली. ते मी सोसेन. पण आपल्याकडच्या मोटरा विहिरीच्या आत, टप्प्यावर बसवलेल्या. आतली तार वितळून मोटरच्या अंगाला लागली तर लोखंडात वीज उतरते. मामी तिथेच धुणं धुते. अप्पा तिथे पायऱ्या उतरतात, अडुसष्टाव्या वर्षी.

सोबत चिठ्ठी आहे. ती त्यांना दे. मी अजून मंडळातच आहे असं धरून लिहिली आहे. बापाने मुलीचं ऐकलं नाही तरी लाइनमन साहेबाचं ऐकतो. एवढं एक शेवटचं खोटं. आजच दे, अक्का.

कोडी

(चिठ्ठी)

श्री. नाचिमुत्तु यांस,

काप्पु पेट्यांना वळसा देऊन मोटरा चालवल्या जात असल्याचं कार्यालयाला कळलं आहे. पेटीच्या आत तिसऱ्या व चौथ्या स्क्रूवर बांधलेली तार ताबडतोब काढावी. कंडेन्सर काढावेत. कृपया विलंब करू नये.

पूंगोडी
असिस्टंट इंजिनिअर


आलांपाळैयम,
६ मार्च १९८७

कोडी,

तुझं पत्र मिळालं. चिठ्ठी दिली. द्यायला जरा उशीर झाला. तुझ्या खोट्यावर माझ्या हाताने शिक्का मारायला मन होईना, आठ-दहा दिवस ती पर्समध्येच राहिली. बुधवारी दिली. अप्पांनी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

मंगळवारी मारियम्मनचा काप्पु बांधला. अप्पांनी पण बांधून घेतला. दोरा सुटेल सतरा तारखेला, तोवर कुणी गावची वेस ओलांडायची नाही, तुला माहीतच आहे.

इकडे सगळं ठीक आहे. अप्पांचा हात थोडा दुखतो, म्हणून ते लिहीत नाहीत. तू कामं टाकून येऊ नकोस.

कनगम


कोइंबतूर,
९ मार्च १९८७

अक्का,

कोणता हात?

'सगळं ठीक आहे' हे वाक्य आपल्या घरात मी सुरू केलं. ते कशासाठी वापरतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुझ्या प्रत्येक पत्रात अप्पा काहीतरी बोलतात. या पत्रात एक शब्द नाही बोलले. अम्मा गेली तेव्हाही तू मला असंच आठ ओळींचं पत्र पाठवलं होतंस, वसतिगृहावर. मी ते घेऊन परीक्षेला बसले होते.

कोणता हात, अक्का? आणि वेस ओलांडायची नाही हे मला का सांगतेस? कुणाला ओलांडायची गरज आहे?

उलट टपालाने लिही. गुरुवारपर्यंत पत्र आलं नाही तर मी बसमध्ये असेन.

कोडी


आलांपाळैयम,
११ मार्च १९८७

कोडी,

उजवा.

बस, आणि मग पुढचं वाच.

चिठ्ठी त्यांनी बुधवारी वाचली. गुरुवारी सकाळी आंबील न पिताच निघाले. चार विहिरींवरच्या तारा अकरापर्यंत काढल्या. लोक भांडत होते. चेल्लम्मा म्हणाली, 'अण्णा, तुम्हीच लावलीत, आता तुम्हीच काढताय, माझी हळद काय तुमच्या पेन्शनवर जगणार?' ते कुणाशी बोलले नाहीत. ती चारही घरं आता आमच्या ओसरीवरून जातात तेव्हा मान फिरवतात.

पाचवी विहीर मामांची. मोटर आधीच बंद पडली होती, वास सुटला होता. जळली आहे, कोडी. बारातली एक जळली. अप्पांनी वर येऊन सगळे फ्यूज ओढून खिशात टाकले आणि पुन्हा खाली उतरले, कंडेन्सर सोडवायला. मामी काठावर होती. म्हणते, वीज नव्हती तरी झटका बसला. अप्पा पायरीवरून खालच्या टप्प्यावर गेले. पाणी कमी, म्हणून बुडाले नाहीत.

मनगट मोडलंय, त्याच मनगटावर काप्पु. मी म्हटलं, गाडी करून धारापुरमला नेऊ. तर म्हणाले, 'बांधून घेतलाय. वेस ओलांडणार नाही.' मी दोरा कापायला कात्री घेतली, कोडी. खरंच घेतली. तर माझ्याकडे असे बघायला लागले की माझ्या हातातून ती खाली पडली. पुत्तूरहून हाडं बसवणारा आणलाय. त्याने काड्या बांधून दिल्या. पण करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट हलत नाहीत. शहरात वेळेवर नेलं असतं तर, हे मी रोज भांडी घासताना म्हणते.

आणि मी चिठ्ठी त्याच दिवशी दिली असती तर, हेही म्हणते.

त्यांना विहिरीतून वर काढलं तेव्हा पहिलं काय म्हणाले सांगू? 'बिचारी बरोबर बंद होत होती. मीच तिचं तोंड बांधलं.'

ते तुला स्वतः लिहिणार आहेत. मला मजकूर सांगायला तयार नाहीत.

कनगम


आलांपाळैयम,
१३ मार्च १९८७

अम्मिणी,

तुझी चिठ्ठी मिळाली. साहेबाच्या सहीची.

मी साहेबांच्या चिठ्ठ्या पुष्कळ वाचल्या आहेत. त्यात 'कृपया' नसतं. आणि पेटी लाखेने बंद होती. आत किती स्क्रू आहेत ते मला सील फोडल्यावर कळलं. कोइंबतूरच्या खुर्चीतून तुला तिसरा न् चौथा कसा दिसला? ते वाचलं आणि मग आत तारांचे जुडगे कसे बांधले होते ते आठवलं. मेणाचा दोरा, दोन वेढे, एक उलटा. ती गाठ मी तुला अंगणात शिकवली होती, तू सहावीत होतीस. फेब्रुवारीत ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्यावर स्क्रूड्रायव्हर चालवत होतो. लोकांनी ताक दिलं की माणसाला दिसत नाही.

फ्यूज मी काढले होते. कंडेन्सर मात्र वीज धरून बसतो, मोकळा केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मीच पोरांना शिकवत आलो. बत्तीस वर्षांत विसरलो नाही. त्या दिवशी विसरलो, कारण पेटी तुझी होती आणि मला घाई झाली. डावा हात सवयीने मागे होता. मागे होता म्हणून कठडा धरता आला नाही, पडलो. मागे होता म्हणूनच उरलोही असेन. कनगमला वाटतं चूक तिची आहे. तिला तू समजाव, माझं ती ऐकत नाही.

मला वेस ओलांडता येत नव्हती, म्हणून संघाच्या सेक्रेटरीला निरोप धाडून इकडे बोलावलं. देवळासमोर सगळे होते. मी सांगितलं, पाची पेट्यांना वळसा मी घातला, मोटर मी जाळली, पेटीत दोष नाही. रंगसामी म्हणाला, 'अण्णा, कुणाच्या पेटीसाठी स्वतःचं नाव घालवता?' मी सांगितलं कुणाच्या ते. मग चेल्लम्मा म्हणाली, 'आपल्या पोरीची आहे तर नाव का नाही घातलं? परक्याची वाटली म्हणून तर फोडू दिली आम्ही.' सेक्रेटरी म्हणाला, महिनाअखेरीला समिती ठरवेल. तोंडावरून तरी काही कळलं नाही. ठरेल ते ठरेल, तू तयारी ठेव.

आता तुझी चूक सांगतो. तू पेटीला फक्त 'नाही' म्हणायला शिकवलंस. दोननंतर लोकांना पाणी हवंच असतं. ते कंडेन्सर लावणारच, मी नाही तर दुसरा लावेल. मग तो तूच आत दे. मोजून दे, मोटर तापली की थांबेल असा दे, आणि वीज गेली की आपोआप मोकळा होईल असा. नाहीतर लोक पुन्हा सील फोडतील आणि दरवेळी पडणारा म्हातारा इतका नशीबवान नसेल. हे जमेल का ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

टपरीवर मी अजून गेलो नाही. गेलो की विचारतील, अम्मिणी आता काय करते? कनगमने मला सगळं सांगितलं, नोकरी सोडल्याचं आणि शेडचंही. टॉवेल कसा दिसतो ते मला सांगता यायचं. शेड कशी दिसते ते मी पाहिलेलं नाही.

दोरा सतरा तारखेला सुटेल. त्याआधी आलीस आणि एक रात्र राहिलीस तर तुलाही बांधावा लागेल. मग सुटेपर्यंत तू जाऊ शकणार नाहीस. बघ, कसं जमतं ते. येताना एक पेटी आण. सील न लावता आण.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. बत्तीस वर्षं मागे ठेवलेला हात आहे, पुढे यायला वेळ लागेल.

अप्पा